तो उंच स्वर अल्लेग्रीचा नाही

१/ ग्रेगोरियो अल्लेग्रीचे ‘मिझेरेरे’ ऐकून ‘चारशे वर्षांपूर्वीचे सिस्टीन चॅपेल जसेच्या तसे कानी पडले’ असे लिहिणारे पुष्कळ आहेत. ध्वनिमुद्रणे विकणारेही हीच भाषा वापरतात. हे विधान चुकीचे आहे, आणि ही चूक निरुपद्रवी नाही. म्हणून हा थ्रेड.

२/ आधी तथ्ये. अल्लेग्री १६२९ मध्ये पोपच्या गायकवृंदात आला आणि १६५२ मध्ये वारला. म्हणजे काटेकोरपणे पाहता ही रचना प्रबोधनकाळ सरल्यानंतरची. परंतु शैली पॅलेस्ट्रीनाच्या वळणाची, जुनी. त्यामुळे ‘प्रबोधनकालीन धर्मसंगीत’ म्हणून निघणाऱ्या संचांत तिला हमखास स्थान मिळते.

३/ पवित्र सप्ताहात दिवे एकेक करून मालवत जी उपासना होई, तिच्यासाठी हे स्तोत्र. पाच आवाजांचा एक वृंद, चार आवाजांचा दुसरा. कागदावरची रचना विलक्षण साधी आहे. तेच स्वरसमूह कडव्यामागून कडव्यात परततात. तिचे वैभव होते गायकांनी आयत्या वेळी चढवलेल्या अलंकारांत, आणि ते तोंडी शिकवले जात.

४/ ख्याल ऐकणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. बंदिश वहीत उतरते, गायकी उतरत नाही. चार्ल्स बर्नीने १७७१ मध्ये लंडनला ही रचना छापली ती अशीच, अलंकारांवाचून.

५/ येथे कोणीतरी मोझार्टचे नाव काढतोच. चौदा वर्षांच्या मुलाने १७७० मध्ये एकदा ऐकून ही ‘गुप्त’ रचना उतरवली! रचना उतरवल्याचा उल्लेख त्याच्या वडिलांच्या पत्रात आहे. पण मोझार्टची ती प्रत आज उपलब्ध नाही, आणि रोमबाहेर प्रती त्याआधीच गेल्या होत्या. ज्या कागदाचा पत्ता नाही, त्याच्या आधारे आजच्या ध्वनिमुद्रणाला अस्सलपणा बहाल करता येत नाही.

६/ मग अंगावर काटा आणणारा तो उंच ‘सी’ आला कोठून? मेंडेल्सोनने १८३१ मध्ये रोममध्ये जे ऐकले त्यातला एक तुकडा टिपून ठेवला. तो मूळ पट्टीहून बराच वरचा होता. १८८० मध्ये ग्रोव्हच्या संगीतकोशातील उदाहरणात मूळ पट्टीतील पूर्वार्धाला हा वरच्या पट्टीतील तुकडा जोडला गेला. कडव्याच्या मध्येच स्वरभूमी एकाएकी बदलते, ती या जोडकामामुळे. ज्याला आपण दैवी प्रेरणा म्हणतो, तो कोशातला सांधा आहे.

७/ हाच सांधा पुढे आयव्हर अ‍ॅटकिन्सच्या १९५१ च्या इंग्रजी आवृत्तीत आला. डेव्हिड विलकॉक्स यांच्या दिग्दर्शनाखाली केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजने १९६३ मध्ये तिचे ध्वनिमुद्रण केले. गायन लॅटिनमध्ये नव्हे, इंग्रजीत. वरचा स्वर रॉय गुडमन या मुलाचा. १९८० मध्ये टॅलिस स्कॉलर्सनी लॅटिनमध्ये गायले, त्यात तो स्वर एका स्त्रीचा. या दोन ध्वनिमुद्रणांनी जगाचा कान घडवला.

८/ आता सर्वांत गैरसोयीची गोष्ट. अल्लेग्रीच्या काळी पोपच्या वृंदात वरचे स्वर ना मुले गात, ना स्त्रिया. ते काम मुख्यतः कास्त्रातींचे, म्हणजे आवाज फुटू नये म्हणून बालपणीच ज्यांचे खच्चीकरण केले गेले अशा पुरुषांचे. त्यांतल्या अलेस्सांद्रो मोरेस्कीचा आवाज १९०२ आणि १९०४ च्या तबकड्यांवर आजही ऐकता येतो. ऐकून पाहा. ‘देवदूतांचे स्वर’ हा शब्द सहजी ओठांवर येणार नाही.

९/ आक्षेप ठरलेला आहे: ‘सुंदर आहे ना, मग इतिहासाची कटकट कशाला?’ सुंदर आहेच. १९६३ चे ते ध्वनिमुद्रण मीही पुन्हा पुन्हा ऐकते. माझा वाद सौंदर्याशी नाही, ‘अस्सल’ या शब्दाशी आहे. ‘सुंदर’ म्हणायला कान पुरतो. ‘अस्सल’ म्हणायला पुरावा लागतो.

१०/ आणि हा पुरावा न मागण्याची किंमत कोणीतरी मोजतो. ज्यांची शरीरे त्या संगीतासाठी कायमची बदलली गेली, ती माणसे ‘जसेच्या तसे’ या दोन शब्दांत नाहीशी होतात. त्यांच्या जागी पांढऱ्या झग्यातला निरागस इंग्रज मुलगा उभा राहतो आणि आपण त्यालाच रोम समजतो.

११/ ध्वनिमुद्रण हे साधन आहे. प्रश्न एवढाच की कोणत्या काळाचे. किंग्जची तबकडी विसाव्या शतकातील इंग्रजी अभिरुचीचे अव्वल साधन आहे, सतराव्या शतकातील रोमचे नव्हे. आवृत्ती कोणाची, पट्टी कोणती, अलंकार कोठून घेतले, एवढे प्रत्येक ध्वनिमुद्रणासोबत छापायला हवे. फ्रान्सच्या ‘आ सेई व्होची’ने अलंकारांसह ही रचना गायली आहे. ती ऐकताना रचना ओळखीची वाटत नाही, आणि आपण आजवर काय गृहीत धरले होते ते तेव्हा कळते.

१२/ तेव्हा तो उंच स्वर अवश्य ऐका. फक्त खाली तारीख लिहिताना १८८० लिहा.