हिमाचे गणित कोणासाठी?

भाक्रा धरणात येणाऱ्या पाण्याचा निम्म्याहून अधिक भाग हिमालयातील हिम व हिमनद्या वितळून मिळतो. उपग्रहाच्या चित्रांवरून हिमाच्छादित क्षेत्र मोजावयाचे, त्यास तपमानाची जोड द्यावयाची आणि उन्हाळ्यातील आवक आगाऊ सांगावयाची, हे कार्य हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन संस्थेने १९८० च्या दशकातच हाती घेतले. ही विद्या जनतेच्या पैशावर उभी राहिली. तिचा अभिमान अवश्य बाळगावा. परंतु ती कोणासाठी राबते, हे विचारल्यावाचून राहू नये.

जलाशयाची पातळी जितकी उंच, तितकी त्याच पाण्यापासून वीज अधिक. कालव्यांनाही भरलेला जलाशयच हवा. पूर आवरण्यासाठी मात्र पावसाळ्यात जलाशयात मोकळी जागा लागते. हिम भरपूर वितळणार असे कळल्यावर वेळीच पाणी सोडावयाचे की जलाशय भरू द्यावयाचा, हा निर्णय शास्त्र करीत नाही; माणसे करतात. विजेचे उत्पन्न वहीत जमा होते. बुडालेले भातशेत त्या वहीत खर्ची पडत नाही. सप्टेंबर १९८८ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०२३ मध्ये सतलजकाठच्या शेतकऱ्यांनी ही किंमत मोजली. दोन्ही वेळा अतिवृष्टी झाली, हे खरे. पण ती होण्यापूर्वी जलाशय किती भरलेला असावा, हे ठरविणारे काही आकाशात बसलेले नव्हते.

यावर गोपनीयतेचा पडदा आहे. केंद्र सरकारच्या २०१८ च्या धोरणाने सिंधू खोऱ्यातील जलविषयक आकडेवारी 'वर्गीकृत' ठरविली. सतलज त्याच खोऱ्यातली. राष्ट्रीय सुरक्षिततेचा दाखला देणाऱ्यांनी एवढेच सांगावे, की ही गुप्तता कोणापासून? हिमालयावरील हिम परकीय उपग्रहही मोजतात. तेव्हा अंधारात उरतो तो केवळ रूपनगरचा शेतकरी!

भाक्रा खाजगी भांडवलदाराचे नाही, सार्वजनिक आहे, असे उत्तर मिळेल. परंतु सरकारी मालकी म्हणजे आपोआप लोकांची मालकी नव्हे. ज्याच्या शेतावर धोका लादला जातो, त्याला निर्णयात स्थान नसेल, तर सार्वजनिक क्षेत्र हे नोकरशाहीचे वतन ठरते.

जलाशय भरण्याचा हंगाम २१ मे रोजी सुरू होतो. त्यापूर्वी आवकेचा अंदाज आणि भरण्याचे वेळापत्रक पंजाबीतून ग्रामपंचायतींपुढे ठेवले पाहिजे. नियमनात काठच्या शेतकऱ्यांचे प्रतिनिधी बसले पाहिजेत. आणि विसर्गाने झालेल्या हानीची भरपाई विजेच्या उत्पन्नातून झाली पाहिजे. पाण्याचा अंदाज बांधणे ही शास्त्राची कसोटी. तो कोणाला सांगितला जातो, ही लोकशाहीची.