इंजिने राहिली, डबे गेले

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास गेलेली पहिली आगगाडी ओढणाऱ्या ‘साहिब’, ‘सिंध’ आणि ‘सुलतान’ या तीन इंजिनांची नावे शाळकरी मुलांसही मुखोद्गत असतात. परंतु सुमारे ४०० निमंत्रितांनी ज्या १४ डब्यांत बसून तो प्रवास केला, त्या डब्यांची बाके कशी होती आणि पुढे त्यांची वासलात काय लागली, याची पृच्छा सहसा कोणी करीत नाही. हीच वृत्ती आपल्या जतनकार्यातही उतरली आहे. सेवेतून उतरलेल्या इंजिनास स्थानकाबाहेर चौथऱ्यावर मानाची जागा मिळते. डबा मात्र मोडीच्या लिलावात निघतो.

लोखंडी इंजिन उघड्यावर काही वर्षे तग धरते, लाकडी डबा धरीत नाही. त्याच्या नाशाला आरंभ होतो तो छपरापासून. तेथे एखादी फट पडली की पावसाचे पाणी भिंतीतील खांबांवाटे उतरून तळाच्या तुळईत मुरते, आणि बाहेरचा रंग तजेलदार दिसत असतानाच आतले सागवान भुसभुशीत होऊन गेलेले असते. म्हणून जाणता सुतार आधी छपराला हात घालतो आणि रंगाचा विचार सर्वांत शेवटी करतो. तो जुना रंगही एकदम खरवडून टाकीत नाही. कोपऱ्यातील हातभर जागेत थरामागून थर उलगडीत, कोणत्या कंपनीच्या अमदानीत डब्याचा वर्ण कोणता होता, हे तो वाचतो व टिपून ठेवतो. ही नोंद न करता सगळी भिंत घासून तीवर प्लायवूड ठोकणे आणि चकचकीत रंग चढविणे, यास जीर्णोद्धार म्हणण्यास मी तयार नाही.

अशा कामी कारखान्यांच्या दफ्तराचे मोल फार मोठे आहे. १ जून १९३० रोजी सुरू झालेल्या ‘दख्खनच्या राणी’चे सात-सात डब्यांचे दोन संच होते, एक रुपेरी अंगावर लाल पट्ट्यांचा व दुसरा गडद निळ्यावर सोनेरी रेषांचा; त्यांचे तळाचे सांगाडे विलायतेहून आले, तरी वरचा सारा इमला जी. आय. पी. रेल्वेच्या माटुंग्याच्या कारखान्यात उभा राहिला. १९६६ मध्ये त्या डब्यांची जागा पेरांबूरच्या पोलादी डब्यांनी घेतली. माटुंग्याच्या त्या कारागिरांचे कौशल्य कोणास पुन्हा हस्तगत करावयाचे झाल्यास नुसती छायाचित्रे पुरणार नाहीत. आराखडे, मापे आणि दुरुस्तीच्या वह्या लागतील.

‘दख्खनच्या राणी’ला तिसरा वर्ग जोडला गेला तो जून १९५५ मध्ये, आणि माझा मुख्य आग्रह याच वर्गाविषयी आहे. दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात प्रिन्स ऑफ वेल्सच्या दौऱ्यासाठी १८७५ साली सिद्ध केलेला सलून आहे, म्हैसूरच्या महाराजांचा १८९९ चा सलून आहे. ते राखले हे उत्तमच झाले, कारण त्यांतील कसब आपल्याच कारागिरांचे होते. परंतु या देशाची कोट्यवधी माणसे वारीला, गिरणीच्या नोकरीला, बाळंतपणाला माहेरी गेली ती तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून. त्या डब्यातील हालांवर गांधीजींनी १९१७ साली स्वतंत्र पुस्तिका लिहिली, आणि १९७४ मध्ये तो वर्ग नावापुरता का होईना नाहीसा झाला. असा डबा दुरुस्त करताना त्याच्या फळीवर गादी घालू नये, बाकावर कोरलेली नावे भरून काढू नयेत. बसणाऱ्याच्या पाठीला ती फळी रुतलीच पाहिजे.

रेल्वेच्या अधिकाऱ्यांना विनंती अशी, की जुना लाकडी डबा निकाली काढण्याच्या कागदावर सही करण्यापूर्वी त्याची मापे व रंगाचे थर नोंदवून घ्यावेत, आणि तिसऱ्या वर्गाचा डबा कोठे उरला असेल तर तो आधी छपराखाली न्यावा. वाचकांनाही एक सांगणे आहे: आपल्या घरातील कोणी माटुंग्याच्या, लोअर परळच्या वा कुर्डुवाडीच्या कारखान्यात सुतार किंवा रंगारी असेल, तर त्याची मापांची वही रद्दीत घालू नका.

— पांथस्थ