चिंकाऱ्याची जात आणि माळाची प्रत

बारामती तालुक्यातील सुपे हे गाव इतिहासाच्या विद्यार्थ्यांना शहाजीराजांच्या पुणे-सुपे जहागिरीमुळे ठाऊक असते. अलीकडच्या काळात त्याची ओळख तेथील मयूरेश्वर अभयारण्यामुळे झाली आहे. १९९७ मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे. घनदाट अरण्य पाहण्याच्या अपेक्षेने येणाऱ्याची येथे निराशाच होते, कारण हा गवताचा आणि खुरट्या झुडपांचा माळ आहे. चिंकाऱ्याला मात्र असाच माळ हवा असतो.

या चिंकाऱ्याचे शास्त्रीय नाव गॅझेला बेनेटी. ते १८३१ मध्ये दख्खनच्या प्राण्यांची यादी सिद्ध करताना कर्नल विल्यम सायक्स याने दिले. सायक्स हा व्यवसायाने प्राणिशास्त्रज्ञ नव्हता, हे मुद्दाम ध्यानात घेण्याजोगे आहे. १८२४ मध्ये मुंबई सरकारने त्याला सांख्यिकी अहवाल तयार करण्याच्या कामावर नेमले होते. दख्खनची लोकसंख्या, पिके आणि पर्जन्यमान यांच्या नोंदी घेता घेताच त्याने येथील पशुपक्ष्यांचीही मोजदाद केली. भारतीय लांडग्याला पॅलिपिस हे नाव त्याचेच. रानकुत्र्यालाही त्याने ‘दख्खनी’ अशा अर्थाचे नाव दिले होते. परंतु पीटर पॅलस या शास्त्रज्ञाने त्या प्राण्याचे वर्णन १८११ मध्येच केले असल्याने अग्रक्रमाच्या नियमानुसार सायक्सचे नाव जातीचे नाव म्हणून मागे पडले.

याच पॅलसच्या हातून १७७४ मध्ये एक गंमतीची चूक झाली होती. समुद्राच्या वाळूत सापडलेल्या एका लहानशा जीवाला त्याने गोगलगायीच्या वर्गातला बिनशंखी प्राणी ठरविले. तो होता अॅम्फिऑक्सस. त्याच्या पाठीतून आयुष्यभर पृष्ठरज्जू जातो हे पुढे कळले, आणि पृष्ठवंशीयांचा अगदी निकटचा आप्त म्हणून त्याची प्रतिष्ठा वाढली. हर्डमानियासारखे कंचुकधारी प्राणी प्रौढपणी एका जागी रुतून बसतात. त्यांच्या डिंभकाच्या शेपटीत पृष्ठरज्जू असतो हे कोवालेव्हस्की याने १८६६ मध्ये दाखवून दिले, तेव्हा त्यांनाही समपृष्ठरज्जू संघात जागा मिळाली, पण दूरच्या नातलगाची. २००६ मध्ये जनुकांच्या तुलनेने हा मानपानही उलटा केला. पृष्ठवंशीयांचे सर्वांत जवळचे आप्त माशासारखा दिसणारा अॅम्फिऑक्सस नसून हे खडकाला चिकटलेले कंचुकधारीच होत, असे मत आज सर्वसाधारणपणे मान्य झाले आहे. बाह्य साम्य हे नात्याचे प्रमाण नव्हे, हा यातील मुद्दा.

आपल्या माळावरही असे फेरविचार झाले आहेत. विसाव्या शतकात काही काळ चिंकाऱ्याला पश्चिम आशियातील हरणाची केवळ उपजात मानले गेले. पुढे त्याचे स्वतंत्र स्थान त्याला परत मिळाले. गळ्याला रंगीत पंखा असलेल्या सरड्यांतील काहींसाठी २०१६ मध्ये नवी प्रजाती स्थापन झाली. तिचे नावच ‘सरडा’, थेट मराठीतून घेतलेले. लांडग्याचा प्रश्न अधिक गंभीर आहे. त्याचा वंश फार प्राचीन काळी इतर लांडग्यांपासून वेगळा झाल्याचे २०२१ च्या जनुकीय अभ्यासात आढळले. जगातील सर्व लांडगे एकाच जातीत मोजले तर ती जात सुरक्षित ठरते. भारतीय लांडगा वेगळा मोजला तर त्याचे चित्र निराळे दिसते. संरक्षणाची निकड आणि त्यासाठी मिळणारा पैसा अशा मोजणीवर अवलंबून असतो.

प्राण्यांची वर्गवारी पुराव्यानिशी अशी बदलत राहिली; ज्या जमिनीवर ते जगतात तिच्या वर्गवारीचे काय? सायक्सच्या यादीनंतर चारपाच वर्षांतच, १८३५-३६ च्या सुमारास, शेजारच्या इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जमिनीच्या प्रतवारीची नवी पद्धत सुरू केली. मातीचा प्रकार आणि खोली पाहून तिची किंमत आण्यांत ठरे. सारा आकारण्यासाठी ती पद्धत न्याय्यच होती, आधीच्या प्रिंगलच्या जाचक आकारणीपेक्षा तर निश्चितच. परंतु जेथे नांगर चालत नाही ती जमीन निरुपयोगी, हा तिच्यातील गृहीत विचार महसुली दप्तरात कायम राहिला. ‘पडीक’ आणि ‘पोटखराबा’ हे शब्द आजही त्याची साक्ष देतात. १९८५ मध्ये राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापन झाले, आणि केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात झुडपी माळ आजही पडीक जमिनीतच मोजले जातात.

पडीक म्हटले की विकास करणे ओघानेच आले. मग गवत उपटून खड्डे खणले जातात आणि झाडे लावली जातात. कागदावर हरित क्षेत्र वाढते. प्रत्यक्षात चिंकाऱ्याची चराई आणि दूरवर शत्रू दिसण्याची सोय जाते, भुईवर घरटे करणाऱ्या चंडोलाचा आसरा जातो, आणि धनगराच्या मेंढरांची वाटही बंद होते. मेंढरे गावाकडे सरकली की लांडगाही त्यांच्यामागे येतो आणि त्याचे नुकसान धनगरालाच सोसावे लागते.

सुप्याचा परिसर जिरायती आहे आणि तेथील माणसाला रोजगार हवा, पाणी हवे, याविषयी वाद नाही. कारखान्याला किंवा रस्त्याला जमीन लागेल तेव्हा ती घ्यावीही लागेल. पण तो निर्णय माळाचे खरे मूल्य मांडून व्हावा, ‘तेथे काहीच नाही’ या समजुतीवर नव्हे. त्यासाठी ‘गवताळ माळ’ असे स्वतंत्र सदर महसुली नोंदीत उघडणे आणि नकाशासंग्रहाच्या पुढील आवृत्तीत अशा जमिनी पडीक क्षेत्रातून वेगळ्या काढणे ही दोन कामे सरकारला आजही करता येण्यासारखी आहेत.