जुनी होडी द्यावी काय?



आमच्या बालाघाटास समुद्र नाही. वैनगंगा आहे. ती सिवनी जिल्ह्यातून येते, आमच्या शिवारांना पाणी देते, पुढे भंडाऱ्याकडे वळते, वर्धेस मिळून प्राणहिता होते आणि अखेर गोदावरीच्या संगतीने पूर्वेच्या समुद्रास जाते. मग ह्या पानावर शिडाच्या होडीचा विषय कशास, असे आपणांस वाटेल. कारण असे की, पश्चिमेच्या समुद्राकाठून, मी जेथला मूळचा त्या वसईकडून, मला गेल्या उन्हाळ्यात एका कोळी कुटुंबाचे पत्र आले. लखोटा एक होता, पण आत पत्रे दोन होती. एक थोरल्या भावाचे, दुसरे धाकट्याचे. दोघांचा प्रश्न एकच, आणि उत्तर मात्र प्रत्येकाने आपापल्यापुरते आधीच ठरवून टाकलेले!

हकीकत थोडक्यात अशी. त्यांच्या वडिलांची सागवानी शिडाची होडी वडील वारल्यावर दोन वर्षे किनाऱ्यावर शाकारून पडली होती. थोरल्याने एका वृद्ध सुताराच्या मदतीने तिच्या कुजलेल्या फळ्या बदलल्या, नवी डोलकाठी उभी केली, नवे शीड शिवून घेतले. होडी पुन्हा पाण्यावर आली. आता एक व्यापारी म्हणतो, “ही जुनी मला द्या, वर काही रक्कम द्या, आणि चार वर्षांपूर्वी बांधलेली फायबरची होडी घ्या. तिला शीडही आहे आणि लहान इंजिनही.” जुन्या होडीचे तो काय करणार? तर पर्यटकांच्या एका विश्रामगृहाच्या बागेत ती शोभेसाठी ठेवणार.

थोरला लिहितो, “फादर, इतका पैसा आणि घाम घातला, आता ती कशी देऊ?” धाकटा लिहितो, “फादर, दादा होडी सांभाळत नाही, बाबांची आठवण सांभाळतो. पोट कोणी सांभाळायचे?” पत्राच्या शेवटी कळले की, दोघे भाऊ पंधरा दिवस एकमेकांशी बोललेले नाहीत.

वाचकहो, आपल्या घरी होडी नसेल. पण जुनी बैलगाडी असेल, आजीचे शिवणयंत्र असेल, विहिरीवरचे जुने इंजिन असेल. म्हणून हा प्रश्न आपलाही आहे.

प्रथम पैशाचे पाहू. थोरल्या भावाचा युक्तिवाद मनाला भिडतो, तथापि तो खरा नाही. दुरुस्तीस लागलेला पैसा गेला. होडी ठेवली तरी तो परत येत नाही, दिली तरी येत नाही. हिशेब करावयाचा तो मागच्या खर्चाचा नव्हे, पुढच्या दहा वर्षांचा. लाकडी होडीस दरसाल किनाऱ्यावर ओढावे लागते. तिचा तळ खरवडावा लागतो, फळ्यांच्या फटींत कापूस ठोकून भरावा लागतो, तेल द्यावे लागते. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारे जीव असतात. एक वर्ष हयगय केली की ते आपले काम साधतात. चांगले सागवान महाग झाले आहे, आणि होडी बांधणारा सुतार दर गावी राहिलेला नाही. फायबरची होडी हलकी असते, ती कुजत नाही व किडत नाही. आपल्या किनाऱ्यावर तिचा प्रसार झाला तो काही केवळ नवलाईमुळे नव्हे. परंतु तीही अमर नाही. तिला तडा गेला आणि पाणी आतल्या थरांत शिरले, तर ती आतून बिघडते. आणि निकामी झाली म्हणजे लाकडासारखी मातीत मिसळतही नाही. म्हणजे दोन्हींना निगा हवीच. निगेचा प्रकार तेवढा निराळा.

ह्या प्रसंगी मला एका होडीची गोष्ट आठवली. तिचा जन्म आपल्या मुंबईचा. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नावाच्या, व्यापारी जहाजावर नोकरी करणाऱ्या एका इंग्रज तरुणाने ती तेथे सागवानात बांधवून घेतली. लांबी सुमारे ३२ फूट. आराखडा त्या काळीही जुनाच होता. आपल्याकडील सुतारांनी वाकस आणि दोरीने फिरवायचा सामता अशा हत्यारांनी ती घडविली. १९६४ च्या डिसेंबरात ती पाण्यात उतरली. नाव ठेवले ‘सुहैली’. इराणच्या आखातात अरब खलाशी एका वाऱ्यास ह्या नावाने ओळखतात.

पुढे १९६८ साली कोठेही न थांबता एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची स्पर्धा इंग्लंडात जाहीर झाली. नॉक्स-जॉन्स्टन ह्यासही वाटले की, ह्या कामास ‘सुहैली’ पुरी पडणार नाही. त्याने पोलादाच्या मोठ्या, वेगवान नौकेचा आराखडा करवून घेतला. ‘सुहैली’ विकावयास काढली. मदतीसाठी अनेक कंपन्यांना पत्रे लिहिली. पैसा मिळाला नाही आणि होडीही विकली गेली नाही. तेव्हा निरुपायाने तो आपल्या जुन्या होडीतूनच १४ जून १९६८ रोजी निघाला.

मार्गात होडीच्या कण्याजवळची फट उघडून पाणी आत येऊ लागले. त्याने समुद्रात बुड्या मारून, पाण्याखाली, त्या फटीत कापूस भरला आणि वर तांब्याची पट्टी ठोकली. वाटेत बिनतारी यंत्र बंद पडले, सुकाणू आपोआप चालविणारी योजना मोडली, पिण्याचे पाणी खराब झाले. तरी ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी, तो परत बंदरात आला. नऊ जण निघाले होते; शर्यत पुरी करणारा हा एकटाच.

आता कोणी म्हणेल, “पाहा! जुने ते सोने!” थांबा, इतक्या घाईने निष्कर्ष काढू नका. त्याच शर्यतीत फ्रेंच दर्यावर्दी मॉयतेसिए ह्याची पोलादी नौका अधिक वेगवान होती. तो मनानेच शर्यत सोडून दुसरीकडे गेला, म्हणून तो मागे पडला असे कोणी म्हणू नये. ‘सुहैली’ टिकली ती जुनी होती म्हणून नव्हे. तिची फळी न् फळी तिच्या धन्यास ठाऊक होती, आणि ती मोडली तर आपल्या हाताने सांधण्याची विद्या त्याच्यापाशी होती, म्हणून ती टिकली.

ह्याच शर्यतीत डोनल्ड क्रोहर्स्ट नावाचा एक गृहस्थ होता. त्याने अगदी नवी, तीन कण्यांची नौका घाईघाईने बांधवून घेतली. करार असा होता की, मोहीम फसली तर नौकेची किंमत त्याच्याच अंगावर पडावी. त्यासाठी राहते घरही गहाण पडले होते. नौका तयार नव्हती हे त्याला ठाऊक होते. पण मागे फिरावे तर कर्ज, आणि पुढे जावे तर समुद्र! तो निघाला. पुढे तो आपला ठावठिकाणा खोटा कळवू लागला. १९६९ च्या जुलैत ती नौका समुद्रात रिकामी सापडली. मागे पत्नी आणि चार मुले राहिली. त्याचा दोष मोजण्याचा अधिकार आपणांस नाही. पण जे कर्ज माणसाला मागे फिरण्याची मोकळीक ठेवीत नाही, ते कर्ज नव्या होडीबरोबर घरात आणू नये, एवढा धडा आपण खचित घ्यावा.

नवे कसे घ्यावे, ह्याचेही उदाहरण आपल्याच किनाऱ्यावर आहे. व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी ह्या मराठी दर्यावर्दीच्या मनात होते की, एखाद्या भारतीयाने एकट्याने, शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी. त्यासाठी गोव्यात, दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकर ह्यांनी ‘म्हादेई’ बांधली. तिच्यातून दिलीप दोंदे ह्यांनी २००९-१० मध्ये टप्प्याटप्प्याने, आणि अभिलाष टॉमी ह्यांनी २०१२-१३ मध्ये कोठेही न थांबता प्रदक्षिणा केली. पुढे नौदलास दुसरी नौका हवी झाली. त्यांनी काय केले? त्याच बांधणाऱ्याकडून, त्याच आराखड्यावर, २०१७ साली ‘तारिणी’ घेतली. तिच्यातून त्याच वर्षी सहा महिला अधिकारी निघाल्या आणि मे २०१८ मध्ये प्रदक्षिणा पुरी करून परतल्या. पण त्यांचे शिक्षण कोठे झाले होते? जुन्या ‘म्हादेई’वर! नवी आली, परंतु जुनीने शिकविलेले सारे तिच्यात चढले.

ह्या बाबतीत एक चूक माझ्या घरची सांगतो. मी लहान असताना माझ्या वडिलांनी शिडाची होडी देऊन इंजिनाची घेतली. तो निर्णय योग्य होता. त्यावर आमची शिक्षणे झाली. पण देताना त्यांनी शीड, डोलकाठी, आडवा वासा, सारेच देऊन टाकले. “आता ह्याचे काय काम?” असे ते म्हणाले. पुढल्याच हंगामात एका रात्री इंजिन बंद पडले. वारा किनाऱ्याकडचा होता, पण त्याला धरावयास शीड नव्हते. ओहोटीने होडी बाहेर खेचली. पहाटे दुसऱ्या गावच्या तांडेलाने दोर टाकून त्यांस ओढून आणले. आई रात्रभर वाळूत बसून होती. वडील त्यानंतर म्हणत, “होडी दिली ह्याचे दुःख नाही. शीड दिले ह्याचे आहे.”

दोघा भावांना मी पाच गोष्टी लिहिल्या.

पहिली, मागचा खर्च विसरा आणि पुढच्या वर्षांचा हिशेब कागदावर मांडा. तो मांडताना आईला जवळ बसवा. टोपली डोक्यावर घेऊन बाजारात बसणाऱ्या बाईला होडीचे उत्पन्न तांडेलापेक्षा अधिक नेमके ठाऊक असते.

दुसरी, जुनी ठेवावयाची तर तिची निगा कोणाच्या हाताने होणार ते ठरवा. सुतार वृद्ध आहे. त्याच्यापाशी बसून ती विद्या शिकणारा घरात कोणी नसेल, तर होडी ठेवली असे म्हणू नका. तिचे मरण लांबविले असे म्हणा.

तिसरी, नवीसाठी इतकेच कर्ज घ्या की वादळाच्या दिवशी घरी बसता येईल.

चौथी, जुनी द्यावयाची तर पाण्यावर राहील अशा हाती द्या. ‘सुहैली’ काही वर्षे इंग्लंडातील संग्रहालयात ठेवली होती. तेथील कोरड्या हवेत तिच्या फळ्या आकसू लागल्या. तेव्हा तिच्या धन्याने तिला २००२ साली बाहेर काढले, आणि म्हातारपणी स्वतः खपून तिला पुन्हा पाण्यावर आणले. लाकडी होडीस पाणी मारीत नाही. कोरडी शोभा मारते.

पाचवी, निर्णयापूर्वी एकेक दिवस समुद्रावर जा. थोरल्याने नवी होडी हाकावी आणि धाकट्याने बाबांची.

आणखी एक गोष्ट त्यांना मुद्दाम लिहिली, कारण ती आपणां सर्वांना जवळची आहे. १९८६ साली गालील सरोवराचे पाणी दुष्काळाने ओसरले, तेव्हा दोघा कोळी भावांना चिखलात एक होडी दिसली. ती प्रभू येशूच्या काळातील, सुमारे २७ फूट लांबीची आहे, असे संशोधकांनी ठरविले. ती कोणाची होती हे कोणी सांगू शकत नाही. परंतु तिच्यात सुमारे बारा जातींची लाकडे आहेत! म्हणजे तिच्या गरीब धन्याने जे मिळाले त्याचे ठिगळ लावून ती वर्षानुवर्षे चालविली. आणि अखेर ती खरोखरच थकली, तेव्हा तिचे उपयोगी भाग काढून घेऊन सांगाडा तेवढा पाण्यात सोडला. जोवर चालते तोवर सांधावे, चालत नाही तेव्हा सोडावे, आणि सोडताना जे कामाचे ते पुढच्या होडीस लावावे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या कोळ्यास ह्याहून अधिक तत्त्वज्ञान माहीत नसेल. पण तेवढे पुरेसे आहे.

पावसाळा संपल्यावर पुन्हा पत्र आले. ह्या वेळी पत्र एकच, सह्या दोन. समुद्रावर गेल्यावर थोरल्यास कळले की, धाकट्याची पाठ वल्ह्याने का दुखते. आणि धाकट्यास कळले की, बाबांची होडी वाऱ्यावर किती अलगद वळते. मग आईने निकाल दिला, “नवी घ्या, पण माझ्या घोवाची होडी बागेत नको.” व्यापाऱ्यास त्यांनी नकार कळविला. जुनी होडी त्यांनी खाडीत जाळे टाकणाऱ्या शेजारच्या मुलांना कमी किमतीत दिली. अट एकच, त्यांनी सुताराच्या हाताखाली तिची निगा शिकावी. किंमत कमी आली म्हणून घेतली तीही लहान होडी, लहान कर्जाची. तिला शीड आहे. शेवटच्या ओळीत लिहिले होते, “फादर, नांगर मात्र बाबांचाच ठेवला आहे.”

आपल्या घरी अशी एखादी जुनी वस्तू असेल, तर तिच्यावरून भांडण होण्यापूर्वी एकदा सर्वांनी मिळून तिच्यासह कामावर जाऊन पाहावे.

देव आपल्या घराचे रक्षण करो.