मांडी म्हणजे सीट नव्हे

लोकहो, आधीच सांगून ठेवतो, आजचं लिखाण जरा चिडून लिहिलेलं आहे. चिडलोय कुणावर? आधी स्वतःवर, मग माझ्यासारख्याच तुम्हा सगळ्यांवर. म्हणजे पुण्यात नाहीतर ठाण्यात दोन बीएचके, दोन पगार, दोन पोरं, आणि आता "मोठी गाडी घ्यायची" असं ठरवून शनिवार-रविवार शोरूम पालथ्या घालणारी आपली जमात.

झालं असं की गेल्या महिन्यात आम्ही सगळे पुण्याहून डोंबिवलीला निघालो होतो. जुनीच हॅचबॅक. पुढे मी आणि बाबा. मागे आई, बायको, पाच वर्षांचा चिरंजीव आणि आईच्या मांडीवर नऊ महिन्यांची कन्या. खालापूरच्या अलीकडे पुढच्या टेम्पोने काहीही कारण नसताना ब्रेक मारला, मीही मारला. धडक वगैरे काही नाही, चार फूट अंतर ठेवून थांबलो. पण तेवढ्यात आईचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं आणि कन्या तिच्या हातांतून निसटून खाली पायांशी गेली. लागलं नाही, नुसती घाबरून रडली. आई मात्र उरलेला सगळा रस्ता एक शब्द बोलली नाही. घरी पोचल्यावर एवढंच म्हणाली, "मी घट्ट धरलं होतं रे."

तिने धरलंच होतं. मुद्दा तोच आहे.

आता जरा बारावीचं फिजिक्स काढू. जोरात ब्रेक मारल्यावर गाडीला साधारण पाऊण ते एक जी एवढा झटका बसतो. तेवढ्यातच आमचं हे असं झालं. आता समजा ताशी ५० किलोमीटरने जाताना गाडी कशावर तरी आदळली आणि एक दशांश सेकंदात थांबली. ५० किमी म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. हिशोब केला तर सरासरी १४ जी येतात. नऊ किलोचं बाळ त्या क्षणी धरणाऱ्याच्या हाताला सव्वाशे किलोचं होतं. सिमेंटची अडीच पोती. माझी आई ६२ वर्षांची आहे, तिच्या हातांत अडीच पोती थांबवायची ताकद नाही. माझ्याही नाही आणि जिमला जाणाऱ्या तुमच्याही नाही. त्यात मागच्या आजीने पट्टा लावलेला नसेल तर तिचं स्वतःचं वजनही बाळावरच येतं. पट्टा स्वतःला आणि बाळाला मिळून लावला तर आणखी वाईट, कारण मग बाळ पट्टा आणि आजी यांच्यामध्ये चिरडतं.

आणि "शहरात कुठे एवढा स्पीड असतो?" असं म्हणणाऱ्यांसाठी: ५० किमीची धडक म्हणजे जवळजवळ दहा मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून खाली पडणं. रात्री अकरा वाजता बाणेर रोडला किंवा नवले पुलाच्या उतारावर तुम्ही किती स्पीडने असता ते स्वतःलाच विचारा. एक्सप्रेसवेवर तर १०० ची परवानगीच आहे, आणि वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते.

तर घरी येऊन ठरवलं, आता मोठी गाडी. आणि इथून खरा तमाशा सुरू झाला.

मित्रांना विचारलं. पहिला प्रश्न, "अ‍ॅव्हरेज किती देते?" दुसरा, "रीसेल कशी आहे?" तिसरा, "सनरूफ आहे का?" एकानेही, अक्षरशः एकानेही विचारलं नाही की पोरांच्या सीट कुठे लावणार. ह्यात कोडचा एक सेमीकोलन चुकला म्हणून रात्री तीनला उठणारे लोक आहेत!

अ‍ॅव्हरेजचं आधी संपवू. माझं वर्षाचं रनिंग दहा हजार किलोमीटर. एक गाडी लिटरला १८ देते, दुसरी १६. फरक वर्षाला ६९ लिटर. पेट्रोल शंभर रुपये धरलं तरी महिन्याला सहाशे रुपयांच्या आत. एक पिझ्झा. ह्या एका पिझ्झ्यासाठी आपण तीन-तीन महिने एक्सेल शीट बनवतो.

सनरूफबद्दल तर बोलायलाच नको. दर रविवारी किमान दोन गाड्यांच्या छतातून कुणाची तरी पोरं कमरेपर्यंत बाहेर आलेली दिसतात आणि आई-वडील खालून फोटो काढत असतात. ज्या व्हेरियंटच्या फरकात दोन उत्तम चाइल्ड सीट आल्या असत्या, त्या पैशांत आपण पोराला बाहेर फेकलं जायची सोय विकत घेतो.

आता "रिलायबल" या शब्दाकडे येऊ. हा शब्द मी स्वतः गेली दहा वर्षं वापरतोय. इनोव्हा २००५ मध्ये आली आणि तेव्हापासून एअरपोर्टवर, लग्नात, शिर्डीला, सगळीकडे तीच. एर्टिगा २०१२ ची. टॅक्सीवाले या गाड्या लाखो किलोमीटर चालवतात, आणि साताऱ्यापासून सावंतवाडीपर्यंत कुठल्याही गॅरेजला त्यांचं काम करता येतं. हा विश्वास खोटा नाही, कमावलेला आहे. पण तो कशाबद्दल आहे? सोमवारी सकाळी गाडी सुरू होईल याबद्दल. त्या एक दशांश सेकंदात काय होईल याबद्दल तो विश्वास एक अक्षरही बोलत नाही.

आपल्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर पाच वर्षं एकदाही बंद पडला नाही म्हणून बॅकअप चालतोय असं होत नाही. बॅकअप रिस्टोअर करून बघावा लागतो. गाडीचं रिस्टोअर म्हणजे क्रॅश टेस्ट, आणि ती सुदैवाने दुसऱ्या कुणीतरी करून ठेवलेली असते. ग्लोबल एनकॅपने जुलै २०२४ मध्ये आफ्रिकेच्या बाजारासाठी भारतात बनलेल्या एर्टिगाचा निकाल जाहीर केला: मोठ्यांसाठी एक तारा, मुलांसाठी दोन, आणि बॉडीशेल अस्थिर. त्यानंतर २०२५ मध्ये आपल्याकडच्या एर्टिगात सहा एअरबॅग आल्या, ही चांगलीच गोष्ट आहे, पण एअरबॅग वाढवल्या म्हणून सांगाडा आपोआप मजबूत होत नाही.

आणि इथे एक गोम आहे, जी मलाही परवापर्यंत माहीत नव्हती. तारे दोन प्रकारचे असतात. मोठ्यांचे वेगळे, मुलांचे वेगळे. जाहिरातीत जो आकडा मिरवतात तो बऱ्याचदा मोठ्यांचा असतो. २०१८ मध्ये मराझोला मोठ्यांसाठी चार तारे मिळाले, मुलांसाठी दोनच. उलट कॅरेन्सला २०२४ मध्ये मोठ्यांसाठी तीन आणि मुलांसाठी पाच. म्हणजे "फोर स्टार आहे रे" ऐकून गाडी घेतली असती तर पोरांसाठी काय घेतलं हे कळलंच नसतं. आता ऑक्टोबर २०२३ पासून आपलं स्वतःचं भारत एनकॅप आहे. त्यात मुलांचे गुण ४९ पैकी देतात, आणि त्यातले १२ गुण निव्वळ गाडीत चाइल्ड सीट नीट बसते का यासाठी आहेत. इनोव्हा हायक्रॉसला २०२५ मध्ये तिथे दोन्हीत पाच तारे मिळाले. महाग आहे, मान्य. मी काही तीच घ्या म्हणत नाही. मी म्हणतोय की दोन्ही आकडे वाचा.

पण तारे वाचूनही काम संपत नाही, कारण तुमची सीट तुमच्या गाडीत बसते का हे कुठलाच रिपोर्ट सांगत नाही. ते स्वतः करून बघावं लागतं. आम्ही दोन्ही चाइल्ड सीट आधी घेतल्या आणि मागच्या शनिवारी त्या उचलून एका शोरूमला गेलो. सेल्समन बिचारा गोंधळला. "सर, ही फॅमिली कार आहे, मुलं आरामात मांडीवर बसतात." मी म्हटलं, बरं, पण ही बसवून दाखवा. त्याला आयसोफिक्सचे हुक कुठे आहेत हेच माहीत नव्हतं. शेवटी बायकोने सीटच्या फटीत हात घालून शोधले. अर्धा तास गेला, मागे तीन कुटुंबं खोळंबली, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा शोरूममध्ये आपण काहीतरी शहाणपणाचं करतोय असं वाटलं.

त्या अर्ध्या तासात जे कळलं ते असं:

१. सात सीटची गाडी म्हणजे सात माणसांची गाडी नव्हे. मधल्या रांगेत अखंड बाक असेल आणि तिसऱ्या रांगेत जायला तो दुमडावा लागत असेल, तर त्यावर चाइल्ड सीट लावल्या की तो दुमडतच नाही. तिसरी रांग बंद. आजी-आजोबा डिकीतून चढणार का?

२. म्हणून आमच्यासारख्या सहा जणांना मधे दोन सुट्या सीट असलेली सहा सीटर जास्त सोयीची. मधल्या वाटेने मागे जाता येतं, काहीही न काढता.

३. आयसोफिक्स बहुतेक गाड्यांत फक्त मधल्या रांगेत असतं. त्यामुळे बाळ तिथे. मोठ्याला बूस्टर सीट तिसऱ्या रांगेत चालते, पण तिथे खांद्यावरून येणारा थ्री-पॉइंट पट्टा हवाच. नुसत्या कमरेच्या पट्ट्यावर बूस्टर लावू नका. आणि तिसऱ्या रांगेतलं डोकं आणि मागची काच यांत किती अंतर उरतं तेही बसून बघा.

४. बाळाची सीट मागे तोंड करून लावायची असते, युरोपच्या नव्या आर १२९ नियमानुसार किमान १५ महिन्यांपर्यंत. ती जागा खाते. ती लावल्यावर पुढच्या सीटवर बाबांचे गुडघे डॅशबोर्डला लागतात का, हे बाबांना बसवूनच कळतं. आणि ही सीट चालू एअरबॅगसमोर, म्हणजे ड्रायव्हरशेजारी, कधीही लावायची नाही. एअरबॅग उघडली तर बाळाच्या जिवावर बेतेल.

५. सीटला खाली टेकू देणारा पाय असेल तर गाडीच्या त्या जागी जमिनीखाली सामानाचा कप्पा आहे का बघा. पोकळ झाकणावर तो पाय टेकवून उपयोग नाही, आधी गाडीचं मॅन्युअल वाचा.

६. पट्ट्याने लावायची सीट असेल तर पट्ट्याची लांबी पुरते का बघा. मग पट्टा जिथून जातो तिथे धरून जोरात हलवा. इंचभरापेक्षा जास्त हलली तर ती लागलेली नाही, नुसती ठेवलेली आहे.

आता तुमचे आक्षेप. सगळे मी स्वतः वापरून झालेले आहेत.

"आपण नाही का बाबांच्या चेतकवर पुढे उभं राहून मोठे झालो?" झालो. जे झाले नाहीत ते आज हा वाद घालायला हजर नाहीत. एवढं साधं सॅम्पलिंगचं गणित आपल्यालाच समजावून सांगावं लागावं?

"मागच्या सीटवर काय होतंय?" ४ सप्टेंबर २०२२. पालघर जिल्ह्यात सूर्या नदीचा पूल. सायरस मिस्त्री. कोट्यवधींची गाडी परवडणारा माणूस, मागे बसलेला, आणि पट्टा लावला नव्हता असं तेव्हा पोलिसांनी सांगितलं. पुढचे दोघं वाचले. त्यानंतर पंधरा दिवस आपण सगळे मागे पट्टा लावत होतो. आठवतंय?

"पण कुणी पकडत नाही." खरंय. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९४ ब आलं, चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा चाइल्ड सीटविना असेल तर हजार रुपये दंड. हा दंड भरलेला एकही माणूस मला भेटलेला नाही. पण आपण पोराला पोलिओचा डोस हवालदाराच्या भीतीने देतो का?

"बाळ रडतं." रडतं. आमचं पहिले चार दिवस रडलं, पाचव्या दिवशी झोपलं. पार्किंगमध्येच दहा-दहा मिनिटं बसवायचं, खेळणं द्यायचं, मग सोसायटीला एक चक्कर. आणि इंजेक्शन देतानाही रडतंच की.

"एवढी मोठी गाडी परवडत नाही." मग घेऊ नका! हाच तर माझा मुद्दा आहे. आधी सीट घ्या, गाडी नंतर. जुन्या हॅचबॅकमध्ये नीट लावलेल्या दोन चाइल्ड सीट ह्या नव्या कोऱ्या सात सीटरमधल्या मांडीपेक्षा कितीतरी बऱ्या. आजी-आजोबा त्या दिवशी ट्रेनने येतील. डेक्कन क्वीन आहे, इंद्रायणी आहे.

शेवटचा आक्षेप मात्र कुणी तोंडाने घेत नाही, आणि तोच सगळ्यात जड आहे. आईला काय वाटेल? आमच्याकडे सीट आल्यावर तिने विचारलंच, "म्हणजे आता माझ्याकडे द्यायचंच नाही का तिला?" मी जी-फोर्स वगैरे काढायला लागलो, तर बायकोने डोळे वटारले. मग मी नुसतं म्हटलं, "आई, तू त्या दिवशी सगळी ताकद लावून धरलं होतंस. आणि तरी ती सुटली. यात तुझी चूक नाही, चूक माझी, कारण मी तुला न जमणारं काम दिलं." ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत बसताना कन्येचे पट्टे तिनेच लावले, आणि ओढून बघून मला म्हणाली, "सैल वाटतोय बघ जरा."

सैलच होता.

असो. गाडी अजून ठरलेली नाही. दोन पाहून झाल्या, उद्या तिसरी. दोन्ही सीट डिकीतच आहेत. तुम्हीही जाल तेव्हा तुमच्या घेऊन जा, आणि सेल्समनने घड्याळ बघितलं तरी उठू नका.