फोन एकाने केला, करिअर दुसऱ्याचं गेलं

भात कापून झालं की आमच्या उमरोळीत शेतातच पिच तयार होतं. पाणी मारायचं, धुमसाने चोपायचं, दोन दिवस ऊन खाऊ द्यायचं. मग जानेवारीपासून दर रविवारी टेनिस बॉलच्या मॅचेस. गेली बावीस वर्षं तिथे मी गुण लिहितो. आठवडाभर तारापूर एमआयडीसीतली शिफ्ट, रविवारी मांडवाखाली वही. पूर्वी विजेत्यांना बोकड मिळायचा आणि तो संध्याकाळीच शिजायचा. आता लिलाव होतो. टेबल मांडून, माइक लावून पोरांवर पॉइंट लावतात. पालघर-बोईसरकडची चांगली पोरं एका रविवारी दोन-दोन ठिकाणी खेळतात, पैसे घेतात. त्यात मला काही वावगं दिसत नाही. घाम त्यांचा आहे.

खेळून पैसे घेण्याला आपल्याकडे अजून काही जण नाक मुरडतात. त्यांना मी सुभाष गुप्त्यांचं नाव सांगतो. मुंबईचा हा लेगस्पिनर पन्नासच्या दशकात लँकेशायर लीगमध्ये रिश्टन क्लबचा पगारी खेळाडू होता. तिथली रीत अशी, की संघात एक व्यावसायिक, बाकीचे गिरणीत नाहीतर दुकानात काम करणारे गावकरी. त्या एकाने पन्नास धावा केल्या किंवा पाच बळी घेतले की मैदानात डबा फिरायचा आणि लोक नाणी टाकायचे. आमच्याकडे षटकार गेला की कुणीतरी पाचशेची नोट काढतो आणि समालोचक त्याचं नाव माइकवर तीनदा घेतो. फरक फार नाही.

गुप्ते तसे किरकोळ शरीराचे. १९५२-५३ला वेस्ट इंडिजमध्ये पाच कसोटींत २७ बळी घेतले. १९५८च्या डिसेंबरमध्ये कानपूरला त्याच वेस्ट इंडिजचा डाव २२२वर संपला, त्यात यांचे १०२ धावांत नऊ. दहावा गिब्ज, तो वसंत रांजण्यांना मिळाला. एवढं करून सामना आपण हरलोच. गुण लिहिणाऱ्याला हे असलं जास्त लागतं. वहीत नऊ बळी आणि खाली ‘पराभूत’. शेन वॉर्नला पाहिल्यावरही वेस्ट इंडिजचे सोबर्स गुप्त्यांनाच वर ठेवायचे.

आणि ३६ कसोटी, १४९ बळी यावर हा माणूस थांबला. बोटं थकली म्हणून नव्हे. १९६१चा डिसेंबर, दिल्लीत इंग्लंडविरुद्ध कसोटी. हॉटेलात गुप्ते आणि संघातलेच कृपाल सिंग एका खोलीत. खोलीतून रिसेप्शनवरच्या बाईंना फोन गेला, तो कृपाल सिंगांनी केला होता. बाईंनी तक्रार केली, ते बरोबरच केलं. पण संघाबाहेर दोघेही गेले. तुम्ही त्यांना अडवलं का नाही, असं गुप्त्यांना विचारण्यात आलं. एवढ्या थोराड माणसाला मी कसा अडवणार, असं त्यांचं उत्तर. वय नुकतंच बत्तीस पूर्ण. वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर त्यांना नेलं नाही, पुढे कधीच बोलावलं नाही. कृपाल सिंग मात्र १९६४ला पुन्हा कसोटी खेळले. गुप्ते बायकोच्या देशात, त्रिनिदादला जाऊन राहिले. २००२ला तिथेच गेले.

ही गोष्ट मी मांडवात पंचवीस वेळा तरी रंगवून सांगितली असेल. गेल्या वर्षी मात्र आमच्या स्पर्धेत दोन पोरांवर बंदी आली. एकाने पंचाची कॉलर धरली. दुसरा त्याच्यासोबत उभा होता, बस, उभा होता. कमिटीने दहा मिनिटांत निकाल लावला, आणि दोघांच्या नावांवर रेघ कुणी मारली? मीच. वही माझ्याकडे असते ना. यंदा कॉलरवाला परत आला, कारण तो डावखुरा आहे आणि लांब मारतो. त्याला घ्यायला तीन संघमालक भांडले. दुसऱ्याचं नाव लिलावात पुकारलंच नाही. तो डीप मिडविकेटला उभा राहायचा. तिथून त्याचा थ्रो थेट कीपरच्या हातात पडायचा, पण अशा थ्रोवर कुणी नोट काढत नाही. त्या दिवशी त्याला एका शब्दाने कुणी विचारलं नाही.

म्हणून माझं मागणं साधं आहे. पोरांवर बोली लावता, तर त्यांना काढताना बोलावून विचारा. काय केलं ते ज्याचं त्याचं वेगळं धरा आणि बंदीचं कारण कागदावर लिहून सही करा. कमिटीवाले म्हणतात, काका, ही गावची स्पर्धा आहे, कोर्ट नाही. ठीक आहे. पण लिलावाचे नियम तर चार पानी छापलेत, त्यात बॅटच्या मापापासून जर्सीच्या रंगापर्यंत सगळं आहे.

परवा सकाळी तो पोरगा उमरोळी स्टेशनवर दिसला, पाठीवर डबा, बोईसरकडे कामाला निघालेला. खेळतोस का, विचारलं. ‘काका, नाव तुम्हीच कापलंत,’ म्हणाला आणि गाडी आली. घरी येऊन मी वही काढली. रेघेच्या वर त्याचं नाव पुन्हा लिहिलंय, पेनाने. रविवारी कमिटीची बैठक आहे.