मॅरेथॉनची घाई

आमच्या नाते परिसरांतील कांहीं मुलें-मुली आतां दहा किलोमीटर सहज धांवतात, व त्यांच्या तोंडीं मॅरेथॉनचें नांव येऊं लागलें आहे. हौस उत्तम, घाई मात्र आम्हांस मान्य नाहीं. बेळगांवचे फडेप्पा चौगुले १९२० सालीं अँटवर्पच्या ऑलिंपिकांत ४२.७५ किलोमीटर धांवून एकोणिसावे आले. तसला दम एका हिवाळ्यांत कमावतां येत नाहीं. मुंबई मॅरेथॉनच्या पूर्ण पल्ल्यास अठरा वर्षांची अट आहे. कित्येक पालकांस ती जाचक वाटते, आम्हांस ती योग्य वाटते.

दमसास थोड्या आठवड्यांत वाढतो. हाडें व स्नायुबंध बळकट होण्यास महिने लागतात, आणि दुखापती होतात त्या याच अवधींत. शिवाय तीस किलोमीटरांच्या सुमारास शरीरांत सांठलेली साखर संपूं लागते. तेथें दहा किलोमीटरांचा वेग कामास येत नाहीं. म्हणून वय झाल्यावरही आठवड्यांतून एकच लांब धांव असावी, आणि तीही सोबत्याशीं बोलतां येईल इतकी सावकाश. पाचाडकडील चढावर ज्याची बोलती बंद होते, त्यानें खुशाल चालावें. पालकांनीं वळणावर घड्याळ घेऊन उभें राहूं नये. पाण्याचा तांब्या घेऊन राहिल्यास आमची हरकत नाहीं.